मत विचारा, पण सहभाग मोजा: कोल्हापूर परिसरात शिक्षणाविषयी पहिलं सर्वेक्षण करताना

एम.ए., बी.एड. किंवा एम.एस.डब्ल्यू.च्या लघुप्रबंधाची वेळ आली की एक ठरलेलं शीर्षक दरवर्षी पुढं येतं. 'अमुक तालुक्यातील पालकांचा शिक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन आणि शालेय कामकाजातील सहभाग: एक अभ्यास.' तालुका कधी कागल असतो, कधी पन्हाळा, कधी राधानगरी. विषय जुना आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. गावातली शाळा चालते कशी आणि पालक तिच्या किती जवळ येतात, हे दर पाच-दहा वर्षांनी पुन्हा पाहण्यासारखंच असतं. अडचण होते ती करण्याच्या पद्धतीत. ज्यांनी अजून एकदाही प्रश्नावली घेऊन कुणाच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझं म्हणणं एकच आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याला धरून आहे. माणसाचं मत आणि माणसाची कृती वेगवेगळी विचारायची, वेगवेगळ्या मार्गांनी मोजायची, आणि दोन्हींत जे अंतर निघेल ते झाकायचं नाही. तेच अंतर तुमच्या अभ्यासाचा गाभा आहे.

आपल्याकडे हे अंतर मोठं का निघतं

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्याच्याही आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहू लागली होती. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या मातीत हा विचार मुरला आहे, तिथं 'तुम्हाला शिक्षण महत्त्वाचं वाटतं का?' असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? आज्जीबाईसुद्धा म्हणतील, "शाळा पायजेच की बाळा, त्याबिगार काय खरं हाय?" ते मनापासूनचंच असतं. पण ज्या प्रश्नाला सगळं गाव एकच उत्तर देतं, त्या प्रश्नातून अभ्यासाच्या हाती काही लागत नाही.

मत आणि कृती यांतली फट संशोधकांना फार पूर्वीच दिसली. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला होता. तेव्हा तिथं चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. तरीही २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून 'चिनी पाहुणे घ्याल का?' असं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' कळवलं. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढं बऱ्याच शंका घेतल्या गेल्या आणि त्यांत तथ्यही आहे. पण कागदावरचं उत्तर आणि दारात माणूस उभा असतानाचं वागणं एकच धरता येत नाही, हे तेव्हापासून कुणी विसरलं नाही. आपल्याकडे गोष्ट बहुधा उलटी असते. बोलण्यात शाळेविषयी माया भरपूर, आणि बैठकीची सतरंजी रिकामी.

पायरी पहिली: प्रश्न लहान करा

'ग्रामीण शिक्षण' हा प्रश्न होत नाही. 'जिल्हा परिषद शाळेत मूल असलेल्या आई-वडिलांपैकी गेल्या सहा महिन्यांत कोण बैठकीला आलं, कोण आलं नाही, आणि न येणाऱ्यांचं शाळेविषयीचं मत येणाऱ्यांपेक्षा वेगळं आहे का?' हा प्रश्न होतो. तो एका दमात सांगता येतो आणि उत्तर काय निघालं की काय समजायचं, हेही आधीच ठरवता येतं. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. एका विद्यार्थ्यानं तीन महिन्यांत सगळा जिल्हा गाठायचा विचार करू नये. एक गाव, फार तर दोन. एक ऊसपट्ट्यातलं आणि एक गगनबावडा किंवा शाहूवाडीकडचं डोंगरी गाव घेतलंत तर तुलनेला पुष्कळ मिळतं.

शीर्षक नक्की करण्याआधी आधीचं काम वाचा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात, आणि शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचण्याचं सुख वेगळंच आहे. प्रबंध वाचताना निष्कर्षांपेक्षा शेवटचं परिशिष्ट आधी उघडा. तिथं मूळ प्रश्नावली असते. दुसऱ्यानं काय विचारलं आणि कसं विचारलं, हे पाहिलं की आपलं निम्मं काम सोपं होतं. एखादी मापनश्रेणी (मत मोजण्यासाठी केलेला विधानांचा संच) आवडली आणि वापरायची असेल तर मूळ संशोधकाची परवानगी घ्या आणि तसा उल्लेख करा.

पायरी दुसरी: सहभाग कशाला म्हणायचं, ते ठरवा

इथं घाई करू नका. सगळा अभ्यास या पायरीवर उभा राहतो किंवा कोसळतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा या समितीनं करायचा असतो. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथं पालक-शिक्षक संघ असतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतला पालक आणि इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेतला पालक यांचा सहभाग एकाच मापानं मोजायचा नाही. दोघांसमोरचे दरवाजेच वेगळे आहेत.

पण समितीवर नाव असणं म्हणजे सहभाग असं समजू नका. शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं गोळा केलं जातं, मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते आणि मत विचारलं जातं, वरच्या पायऱ्यांवर निर्णय खरोखर लोकांच्या हाती येतो. आठही पायऱ्या तुमच्या प्रश्नावलीत कोंबायची गरज नाही. चार पुरतात: पालक शाळेत आला का, आला तर बोलला का, त्याच्या बोलण्याची नोंद झाली का, आणि त्यावरून पुढं काही बदललं का.

या चारही गोष्टी नुसत्या विचारून कळत नाहीत, पाहाव्या लागतात. मुख्याध्यापकांना विनंती करून समितीची इतिवृत्त वही पाहायला मागा. ती वही सावकाश वाचा. बैठकीची तारीख काय, वार कोणता, वेळ कोणती. हजेरीच्या रकान्यात किती सह्या, किती अंगठे. सलग सहा बैठकांत तीच चार नावं येतात का. सूचक आणि अनुमोदक कोण आहेत, त्यांत बाई कितीदा. ठराव शाळेच्या रंगरंगोटीचा आहे, पोषण आहाराचा आहे, की एखाद्या पालकानं उचललेल्या प्रश्नाचा. 'ऐनवेळच्या विषयात' काय लिहिलंय ते तर नक्की बघा. विषयपत्रिकेत जे नव्हतं आणि कुणीतरी उठून मांडलं, ते तिथंच सापडतं. वहीचा फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. आणि वहीत जे दिसलं त्यावरून शाळेविषयी निवाडा देऊ नका. तुम्ही तपासणीला आलेले नाही.

शक्य असेल तर एका बैठकीला मागं बसून राहा. कोण कुठं बसतं, बायका दाराजवळ बसतात का, कोण बोलायला लागलं की बाकीचे गप्प होतात, चहा येईपर्यंत किती जण थांबतात. त्याच रात्री लिहून काढा.

सहभाग फक्त बैठकीत असतो असंही नाही. रोज रात्री पोराला अभ्यासाला बसवणारी आई, शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी दोन दिवस गवंडीकाम फुकट करणारा बाप, पूर ओसरल्यावर वर्गातला चिखल काढायला आलेली माणसं, यातलं कुणीच इतिवृत्तात सापडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचा तडाखा बसलेल्या करवीर-शिरोळमधल्या गावांत हे विचारायला विसरू नका. घरी होणारा सहभाग, श्रमाचा आणि पैशाचा सहभाग, आणि निर्णयातला सहभाग असे तीन भाग केलेत तर कुणावर अन्याय होत नाही.

पायरी तिसरी: प्रश्नावली

मत मोजायला बहुतेक जण रेन्सिस लायकर्ट यांची पद्धत वापरतात. ती त्यांनी १९३२ साली मांडली. एकेक विधान द्यायचं आणि 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत पाच पर्यायांतून उत्तर घ्यायचं. कॉलेजातल्या मुलांकडून भरून घ्यायला ती सोपी आहे. पण दारात उभं राहून तोंडी पाच पर्याय वाचून दाखवले, तर शेवटचा वाचेपर्यंत पहिला विसरलेला असतो. म्हणून प्रश्न दोन टप्प्यांत विचारा. आधी "हे पटतं का न्हाई?" आणि उत्तर आलं की "पुरतं पटतं का थोडं?" कुणी "आता काय सांगू" म्हटलं तर तो मधला पर्याय. तो मोकळेपणानं टिपा, रेटून उत्तर काढू नका.

विधानं लिहिताना काय टाळायचं ते उदाहरणानं सांगतो. 'शाळा व्यवस्थापन समिती कार्यक्षम व पारदर्शक आहे' या विधानात दोन गोष्टी आहेत आणि पालकाला त्यातली एकच मान्य असू शकते. शिवाय ही भाषा परिपत्रकाची आहे. त्याऐवजी 'शाळेला आलेले पैसे कशावर खर्च झाले, हे पालकांना सांगितलं जातं' असं लिहा. 'मुलींच्या शिक्षणाला प्राधान्य दिले पाहिजे' याला सगळेच होकार देतील. त्यापेक्षा 'दहावीनंतर कॉलेज एसटीनं तासाभरावर असेल, तर मुलीला पाठवणं अवघड आहे' असं विचारलं की माणूस क्षणभर थांबतो. तो थांबला म्हणजे विधान जमलं. 'मुलांनी शिकू नये असं मला वाटत नाही' यासारखी दुहेरी नकाराची वाक्यं तर सरळ काढून टाका.

आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. वहीपेन घेऊन आलेली व्यक्ती शिकलेली, म्हणजे तिचं म्हणणं बरोबरच असणार, असा भाव असतो. त्यामुळे "व्हय, बरोबर हाय की" हे उत्तर पंधरा विधानांना सलग मिळू शकतं. यावर उपाय म्हणून साधारण निम्मी विधानं उलट्या दिशेची ठेवा. 'शाळेत काय चालावं हे शिक्षकांनीच ठरवावं, पालकांनी मध्ये पडू नये' याला होकार म्हणजे सहभागाविषयीचं मत प्रतिकूल. गुण देताना अशा विधानांचे गुण उलटे करायला लागतात. पाच गुणांच्या श्रेणीत सहामधून मिळालेला गुण वजा करायचा. हे संगणकात भरताना विसरलं तर सगळी बेरीज निरर्थक होते, म्हणून प्रश्नावलीच्या कोऱ्या प्रतीवर त्या विधानांपुढं आधीच खूण करून ठेवा.

कृतीचे प्रश्न मात्र वेगळ्या पानावर, आणि काळाची मर्यादा घालून. 'तुम्ही बैठकीला जाता का?' याला "जातो की" हेच उत्तर येणार. 'बेंदरापासून दिवाळीपर्यंत शाळेत किती वेळा गेलात? शेवटचं कशासाठी गेला होतात?' असं विचारलं की आठवणीला धागा मिळतो. सणांचा आधार घ्याच, तारखांपेक्षा तो पक्का. फक्त आपल्या भागात कर्नाटकी बेंदूर आणि महाराष्ट्रीय बेंदूर असे दोन असतात, तेव्हा कुठला ते गावात विचारून घ्या.

गडहिंग्लज-शिरोळच्या सीमेवरच्या गावांत कन्नड बोलणारी घरं आहेत, चंदगडकडची बोली वेगळी आहे, उर्दू शाळांतले पालक आहेत. त्यांच्यासाठी आयत्या वेळी तोंडी भाषांतर करत बसू नका. प्रत्येक वेळी प्रश्न बदलतो. तिथलाच कुणी जाणकार सोबत घेऊन आधी बसा आणि प्रश्न त्या बोलीत लिहून काढा.

मग पूर्वचाचणी. ज्या गावात अभ्यास करायचा ते सोडून दुसऱ्या गावात पंधरा-वीस जणांना प्रश्नावली विचारा. कुठं माणसं "म्हंजे काय?" विचारतात, कुठं हसतात, कुठं सगळे एकच उत्तर देतात, ते टिपा. विधानं एकमेकांशी जुळतात का हे पाहायला क्रॉनबाख यांचा अल्फा गुणांक (१९५१) काढतात. ०.७ च्या पुढं असला तर साधारण समाधानकारक धरतात. पण पंधरा-वीस जणांवर काढलेल्या आकड्यावर फार विसंबू नका, खरा आकडा पूर्ण नमुन्यावर, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या सगळ्यांच्या उत्तरांवर काढा. मार्गदर्शक हा आकडा विचारतीलच. मला विचाराल तर पूर्वचाचणीतलं ते "म्हंजे काय?" जास्त मोलाचं.

पायरी चौथी: कुणाला विचारायचं

संध्याकाळी दूध संस्थेवर गेलं की तासाभरात पन्नास माणसं भेटतात. किटल्या घेऊन सगळे रांगेत उभे, कुणाला घाई नाही, प्रश्नावल्या भराभर भरून होतात. नेमकं तिथंच फसायला होतं. दूध घालायला तोच येतो ज्याच्या दारात म्हैस आहे. ज्याला जमीन नाही, जनावर नाही, जो दिवसभर दुसऱ्याच्या उसात भांगलणीला जातो, तो त्या रांगेत नाही. शहरातल्या पेठांत तालमीच्या कट्ट्यावर बसलात तरी तेच होतं. बायकांचा आवाज तिथून गायब असतो. आणि ज्यांचा आवाज बैठकीत ऐकू येत नाही, तीच माणसं तुमच्या कागदावरूनही गळतात. सहभागाच्या अभ्यासात ही चूक सगळ्यात महागात पडते. दूध संस्थेवर जा, ओळखी करा, चहा घ्या. प्रश्नावली मात्र यादीतून निवडलेल्या घरी जाऊनच भरा.

यादी कुठली? फक्त शाळेचा पट घेतलात तर गावातली जी मुलं रोज सकाळी पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या शाळेत जातात, त्यांचे पालक सुटतात. आणि त्यांनी गावची शाळा का सोडली, हेच कदाचित तुम्हाला कळायला हवं. ग्रामपंचायतीकडे मालमत्तांची कर आकारणीची नोंद असते, अंगणवाडी ताईंकडे कुटुंबांची नोंद असते. दोन्ही जुळवून बघा. भाड्यानं राहणारे करनोंदीत दिसत नाहीत. मुख्य म्हणजे 'कुटुंब' म्हणजे काय ते ठरवा. एका वाड्यात तीन भाऊ राहतात आणि तीन चुली आहेत, तर ती तीन कुटुंबं. जनगणनेतही एकत्र स्वयंपाक हीच खूण धरतात.

किती जणांना विचारायचं, याचं गणित फार अवघड नाही. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक चालवून घ्यायची (म्हणजे शंभरपैकी पंचाण्णव वेळा आपला आकडा खऱ्या आकड्याच्या पाच टक्के मागं-पुढंच असावा) तर मोठ्या लोकसंख्येसाठी ३८४ जण लागतात. दहा टक्के चूक चालत असेल तर ९६. गावात मुलं असलेली कुटुंबं ४०० च असतील तर हा आकडा ७८ पर्यंत खाली येतो. म्हणजे दर पाचवं घर घेतलं तर ८० घरं होतात आणि काम भागतं. सुरुवात कुठून करायची यासाठी एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. तीन निघाला तर यादीतलं तिसरं घर, मग आठवं, मग तेरावं. काही घरं नकार देणारच, म्हणून थोडी जास्त धरून ठेवा. यादीच मिळाली नाही तर 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणाची रीत उपयोगी पडते. २००५ पासून ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासत आले आहेत. गावाचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागातून दर पाचवं घर याप्रमाणे पाच घरं घ्यायची, अशी त्यांची पद्धत.

घराला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका. पुन्हा जा, वेळ बदलून जा. दिवसा कुलूप असलेलं घर म्हणजे बहुधा नवरा-बायको दोघंही कामावर जाणारं घर, आणि बैठकीला न येणारंही तेच असण्याची शक्यता जास्त. इचलकरंजीकडं यंत्रमागाची पाळी बघून वेळ धरा. हंगामात फडाजवळच्या खोपटांत उतरलेली ऊसतोड कुटुंबं गावच्या कुठल्याच यादीत नसतात. त्यांना अभ्यासात घेणार की नाही हे आधी ठरवा आणि घेतलं नसेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

पायरी पाचवी: परवानगी आणि संमती

विभागाचं पत्र घ्या. शाळेत जायचं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना द्या, गावात फिरायचं तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक). पत्र मिळालं म्हणजे घरोघरची परवानगी मिळाली असं होत नाही. ती प्रत्येक दारात नव्यानं मागायची, साध्या शब्दांत. "मावशी, मी विद्यापीठात शिकतेय. शाळेबद्दल थोडं विचारायचं हाय, वीस मिनिटं लागतील. तुमचं नाव कुठं लिहिणार न्हाई. नको वाटलं तर कुठल्याबी प्रश्नाला गप बसा, मधीच थांबवलं तरी चालतंय. याचा तुमच्या रेशनशी, योजनेशी कायबी संबंध न्हाई." शेवटचं वाक्य मुद्दाम म्हणा. सर्वेक्षण म्हटलं की सरकारी योजनेची नावनोंदणी, असा समज पटकन होतो. मग मिळकत कमी सांगितली जाते आणि आशा लावून ठेवल्याचं पाप आपल्या माथी येतं.

मुलांशी बोलायचं असेल तर आधी पालकांची संमती, मग मुलाची. जात आणि उत्पन्न हे प्रश्न शेवटी ठेवा, कशासाठी विचारताय ते सांगा, आणि सांगायचं नसेल तर सोडून द्या.

पायरी सहावी: दारात

पश्चिमेकडच्या तालुक्यांत जुलैत भाताच्या रोपलावणीत कुणाला वेळ नसतो, आणि गगनबावड्याच्या पावसात तुम्हालाही फिरता येणार नाही. पूर्वेकडं उसाची तोड सुरू झाली की माणसं रानात. जोतिबाची चैत्र यात्रा, गावची म्हाई, लग्नाच्या तिथी, निवडणुकीचे दिवस हे सोडून द्या. निवडणुकीच्या तोंडावर विचारलेला प्रत्येक प्रश्न राजकारणाचा वाटतो.

शाळेतले गुरुजी आपुलकीनं म्हणतील, "चला, मी घरं दाखवतो." त्यांचे आभार माना, रस्ता समजून घ्या आणि घरी एकटे किंवा आपल्या जोडीदाराबरोबर जा. गुरुजी ओसरीवर बसले असताना शाळेविषयी कोण काय बोलणार?

बाईला प्रश्न विचारला की पुष्कळदा उत्तर येतं, "मला काय कळतंय त्यातलं, मालकांस्नी इचारा." किंवा मालकच आतून येऊन उत्तर देतात. इथं घाईनं पुढच्या घरी जाऊ नका. दोघं मिळून गेलात, एक मुलगा एक मुलगी, तर एकानं दादांशी ऊस-दराच्या गप्पा मारत अंगणात बसावं आणि दुसरीनं वहिनींशी चुलीजवळ बोलावं. "पोरगं शाळेतनं आलं की पयलं काय करतंय?" इतकं विचारलं तरी पुरतं. ज्या बाईला 'त्यातलं काही कळत नव्हतं', ती पोराच्या वहीतल्या लाल शाईच्या खुणा, नव्या बाईंची शिकवण्याची तऱ्हा, शौचालयाला पाणी नसल्यानं पोरगी दुपारी घरी पळून येते, हे सगळं सांगत जाते. हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रश्नावलीच्या मागची कोरी बाजू त्यासाठीच असते.

उत्तर चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका, शहाणपण शिकवू नका. कुणी शाळेवर चिडून बोललं तर ऐकून घ्या, पण मान डोलावून दुजोरा देऊ नका. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीत पोहोचतं.

घरोघरची कामं संपली की बचत गटाच्या बायकांची एक आणि पुरुष पालकांची एक अशी समूहचर्चा घ्या, सहा ते दहा जणांची. आकड्यांत जे कोडं पडलंय ते तिथं मांडा.

पायरी सातवी: आकडे मांडताना

प्रत्येक प्रश्नावलीला क्रमांक द्या आणि त्याच दिवशी संगणकात भरा. उत्तर नसेल तिथं शून्य लिहू नका, वेगळा ठरलेला संकेत वापरा, नाहीतर 'उत्तर दिलं नाही' आणि 'एकदाही गेलो नाही' एकच होऊन बसतं. एक्सेल पुरतं. महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नका.

मग मुख्य तक्ता करा. आडवं मत, उभा सहभाग. चार घरं तयार होतात. अनुकूल मत आणि चांगला सहभाग, प्रतिकूल मत आणि कमी सहभाग, ही दोन घरं अपेक्षित. प्रतिकूल मत असूनही येणारे पालक थोडे असतात, पण त्यांना शोधून बोला. तक्रार घेऊन का होईना, ते अजून शाळेला आपली समजतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो चौथ्या घराला: मत अनुकूल, सहभाग नाही. या पालकांना 'उदासीन' म्हणायचा मोह होतो. जुन्या प्रबंधांत हा शब्द पानोपानी सापडेल. तो लिहिण्याआधी इतिवृत्त वहीतल्या तुमच्या नोंदी काढा. बैठकीची वेळ सकाळी अकराची असेल आणि हे पालक रोजंदारीवर जाणारे असतील, तर बैठकीला येण्याची किंमत त्यांच्यासाठी एका दिवसाची मजुरी आहे. निरोप मुलांच्या तोंडी दिला जात असेल तर तो घरी पोचला का? पूर्वी एकदा बोललेलं कुणी लिहून घेतलं नाही, म्हणून येणं सोडलं का? वाडीवरून शाळेपर्यंत अंतर किती? मतात नसलेलं कारण रचनेत सापडतं, आणि ते सापडलं तर तुमच्या अभ्यासानं शाळेच्या हाती काहीतरी दिलं.

दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं लिहू नका. शिकलेले पालक जास्त येतात असं दिसलं, तर शिक्षणामुळे येतात की नोकरीतली रजा मिळते म्हणून येतात, हे वेगळं पाहावं लागतं. आणि दहा जणांतले सात म्हणजे 'दहापैकी सात' असंच लिहा. इतक्या लहान गटाला टक्क्यांचा पोशाख घालू नका.

पायरी आठवी: लिहिणं आणि परत जाणं

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढं प्रबंध परत येऊ शकतो. पण उचलेगिरी टाळण्याचं खरं साधन म्हणजे तुमची क्षेत्रनोंद वही, गावात पाहिलं-ऐकलं ते रोज लिहून ठेवलेली. ती भरलेली असेल तर दुसऱ्याचा परिच्छेद घ्यावासा वाटतच नाही. लोकांचे उद्गार बोलीतच द्या, प्रमाण मराठीत घासूनपुसून नको.

गावाचं नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. 'समितीतल्या एकमेव विधवा सदस्य म्हणाल्या' असं लिहिलं की गावात कुणालाही कळतं. शाळा दोनशिक्षकी असेल तर 'एका शिक्षिकेनं सांगितलं' हेही तितकंच उघडं आहे. असे तपशील बदलून किंवा एकत्र करून लिहा.

लघुप्रबंध सादर झाल्यावर गावात परत जा. सगळा प्रबंध नेऊ नका. एका पानाचं मराठीतलं टिपण करा, मोठ्या अक्षरात: काय विचारलं, काय सापडलं, बैठकीची वेळ आणि निरोपाची पद्धत याबद्दल पालकांनी काय सुचवलं. समितीच्या पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवायची परवानगी मागा आणि बैठक शक्यतो संध्याकाळी ठेवायला सांगा. एक प्रत शाळेच्या फायलीत, एक ग्रामपंचायतीत, एक बचत गटाच्या अध्यक्षांकडं द्या. घर क्रमांक आणि नावं जोडणारी यादी मात्र कुणी मागितली तरी द्यायची नाही. ती प्रश्नावल्यांपासून वेगळी, कुलपात ठेवायची आणि निकाल लागला की फाडून टाकायची.